झिजण्यासाठी घडवलेली चकती : जुन्या बुलेटच्या क्लचमधील इतिहास

(थ्रेड)

१/२०
जुन्या मोटरसायकलीचा इतिहास सहसा पेट्रोलच्या टाकीवरील नावापासून सुरू होतो. कंपनी कोणती, साल कोणते, इंजिन किती ताकदीचे, एवढ्यावर तो संपतोही. मात्र पन्नास वर्षे चाललेल्या बुलेटचा बराचसा इतिहास टाकीवर नव्हे, तर डाव्या बाजूच्या झाकणाआड, तेलात बुडालेल्या काही गोल चकत्यांवर लिहिलेला असतो. या चकत्या म्हणजे क्लच प्लेटा. त्या बदलायला घेतल्या की एकेक भाग सुटत जातो आणि त्याच्यासोबत एकेक काळही उघडत जातो.

२/२०
ही कथा समजून घेण्यासाठी मुकुटबनसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवावे. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील हे गाव माजरी–आदिलाबाद लोहमार्गावर आहे. भोवती कापसाची काळी जमीन, भूगर्भात कोळसा आणि चुनखडी. २०२२ मध्ये येथे मोठा सिमेंट कारखानाही सुरू झाला. राज्याच्या अगदी सीमेवरचा हा भाग. बुलेट बनवणारा मद्रासचा कारखाना येथून शेकडो किलोमीटर दूर. अशा मुलखात जुने यंत्र टिकते ते कारखान्याच्या भरवशावर नव्हे, तर जवळच्या मिस्त्रीच्या हातावर.

३/२०
क्लचवर खरा ताण येतो तोही अशाच जमिनीत. पावसाळ्यात काळी माती चाकाला लपेटते, मडगार्डखाली घट्ट बसते आणि गाडी जागची हलेनाशी होते. मग चालक क्लच अर्धवट दाबून, इंजिन रेस करून गाडी रेटतो. त्या वेळी इंजिनची बरीचशी शक्ती चाकापर्यंत पोहोचतच नाही; ती प्लेटांच्या घर्षणात उष्णता होऊन जाते. मागे दोन पोती आणि वर एक माणूस असेल, तर काही मिनिटांतच जळका वास येऊ लागतो. ‘क्लच प्लेट जळाली’ हे ग्रामीण महाराष्ट्रातील दुचाकीवाल्यांचे परिचित वाक्य अशा वेळी उच्चारले जाते.

४/२०
मुळात क्लच लागतो कशाला? इंजिन थांबले तर बंद पडते. चाकाला मात्र वारंवार थांबावे लागते. या दोघांना हवे तेव्हा जोडणारा आणि हवे तेव्हा सोडवणारा दुवा म्हणजे क्लच. त्यात दोन प्रकारच्या चकत्या आलटून पालटून रचलेल्या असतात. एक प्रकार इंजिनकडून फिरणाऱ्या ड्रमशी जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सच्या दांड्याशी. स्प्रिंगा या चकत्या एकमेकींवर दाबून धरतात, म्हणून सगळ्या एकत्र फिरतात. हँडलवरील लिव्हर ओढला की दाब सुटतो आणि चकत्या एकमेकींवरून घसरू लागतात.

५/२०
पहिल्या मोटरसायकलींना ही सोय नव्हती. १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी बनवलेल्या मोटरसायकलीत इंजिनचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. चाक थांबले की इंजिन थांबे. पुन्हा निघायचे तर गाडी ढकलत धावावे लागे. पुढे १९१५ च्या ‘ट्रायम्फ मॉडेल एच’ने तीन गिअरांचा गिअरबॉक्स आणि क्लच युद्धभूमीवर नेला. पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या सैन्यांना अशा सुमारे ३०,००० गाड्या पुरवल्या गेल्या. चिखलात थांबत, वळत, पुन्हा निघत निरोप पोहोचवणाऱ्या स्वारासाठी क्लच ही चैन नव्हती, गरज होती.

६/२०
प्लेटेवरील घर्षण-अस्तराचा उगम मात्र मोटारीत नाही, घोडागाडीत आहे. इंग्लंडमधील डर्बीशरच्या डोंगराळ भागात उतारावर गाडी रोखण्यासाठी लाकडी ठोकळा चाकावर दाबत. लाकूड गुळगुळीत होऊन घसरू लागले की गाडीवान त्यावर जुन्या बुटाचे कातडे ठोकत. हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने ते पाहिले आणि १८९७ मध्ये ब्रेकची अस्तरे बनवण्याचा उद्योग सुरू केला. आपल्या आडनावातील अक्षरे उलटसुलट करून आणि पत्नीच्या नावाचे आद्याक्षर त्यात मिसळून त्याने नाव घडवले ‘फेरोडो’. हे नाव पुढे जगभरच्या गॅरेजांत पोहोचले.

७/२०
तेलात चालणाऱ्या क्लचचा प्रश्न अधिक अवघड होता. तेलामुळे उष्णता ओसरते, पण पकडही सुटते. त्यावर एक जुने उत्तर होते बूच. भूमध्य समुद्राभोवतालच्या, विशेषतः पोर्तुगाल आणि स्पेनमधील, एका ओक वृक्षाची ही साल. तिच्यातील असंख्य सूक्ष्म, हवाबंद पेशींमुळे ती दाबली जाते, पुन्हा फुगते आणि तेलकट असूनही धातूला धरते. त्या काळातील अनेक मोटरसायकलींच्या प्लेटांत बुचाचे तुकडे बसवलेले असत. उणीव एकच : उष्णता मर्यादेबाहेर गेली की बूच करपते. काळ्या मातीत अर्धा क्लच दाबून गाडी रेटणाऱ्याला या उणिवेची किंमत मोजावी लागे.

८/२०
आता बुलेटकडे. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्डने १९०१ मध्ये पहिली मोटरसायकल बनवली. ‘बुलेट’ हे नाव आले १९३२ मध्ये. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याला सीमेवरील गस्तीसाठी दणकट मोटरसायकल हवी होती आणि निवड झाली ३५० सीसी बुलेटची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहभागाने ‘एनफिल्ड इंडिया’ ही कंपनी स्थापन झाली. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे आधी इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडून आणि पुढे भागच येथे घडवून बुलेट तयार होऊ लागली.

९/२०
तो परवाना पद्धतीचा काळ होता. आयात रोखलेली आणि उत्पादन ठरवून दिलेले. पुण्याजवळ आकुर्डीत बनणाऱ्या बजाजच्या स्कूटरसाठी लोक अनेक वर्षे थांबत. घरात आलेली दुचाकी बदलण्याचा विचारही फारसा कोणी करत नसे. ती दुरुस्त करूनच चालवायची असे. कित्येक घरांत एकच गाडी वडिलांकडून मुलाकडे गेली. आज ज्या गाड्यांकडे ‘व्हिंटेज’ म्हणून कौतुकाने पाहिले जाते, त्यांतील बऱ्याच जणी कोणी जपून ठेवल्या म्हणून उरलेल्या नाहीत. दुसरा पर्याय नव्हता म्हणून त्या पुन्हा पुन्हा दुरुस्त झाल्या आणि म्हणून उरल्या.

१०/२०
क्लच बदलायची वेळ आली हे जुन्या बुलेटवर कसे कळते? पहिली खूण किकवर मिळते. या गाडीची किक गिअरबॉक्सला फिरवते. तेथून ती शक्ती क्लचमधून उलट इंजिनकडे जाते. अँपिअर मीटरची सुई मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसर सोडून, विधिपूर्वक मारलेली किक जर विरोधाविना खाली गेली आणि इंजिन फिरलेच नाही, तर प्लेटा घसरत आहेत. दुसरी खूण चढावर : इंजिनचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही. याउलट लिव्हर पूर्ण दाबूनही गिअर खडखडत असेल आणि न्यूट्रल सापडत नसेल, तर प्लेटा एकमेकींना चिकटून राहिल्या आहेत असे समजावे.

११/२०
काम सुरू होते डाव्या बाजूने. फूटरेस्ट सुटतो, मागच्या ब्रेकचे पेडल सुटते. जुन्या बुलेटचा मागचा ब्रेक डाव्या पायाशी आणि गिअर उजव्या पायाशी, ही ब्रिटिश वारशाची खूण भारतात दीर्घकाळ टिकली. खाली ट्रे ठेवून तेल काढले जाते. मग समोर येते प्रायमरी चेनचे अख्खे झाकण, आणि ते धरून ठेवणारा मधोमध एकच नट! कमी हत्यारांत, रस्त्याच्या कडेलाही गाडी उघडता यावी अशी ही रचना. कडेला लावलेले रबरी पॅकिंग म्हातारे झाले की तेथून तेल ठिबकते आणि मालक ते गाडीच्या स्वभावाचा भाग मानून चालतो.

१२/२०
झाकण निघाले की दिसते दुपदरी प्रायमरी चेन. पुढे इंजिनचे छोटे दातेरी चक्र, मागे क्लचचा मोठा ड्रम. ही चेन जोडविरहित, म्हणजे अखंड असते. पूर्ण ड्रम काढायचा तर दोन्ही चक्रे पुलर लावून चेनसह एकदमच बाहेर घ्यावी लागतात. केवळ प्लेटा बदलायच्या असतील तर एवढे करावे लागत नाही. स्प्रिंगांचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सोडवले की वरची दाबपट्टी निघते आणि मागोमाग एकेक चकती हाती येते. ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने ती स्वच्छ फडक्यावर मांडणे, हा जुन्या मिस्त्रींचा पहिला धडा.

१३/२०
मधोमध एक पोलादी दांडी दिसते. उजव्या बाजूच्या गिअरबॉक्समध्ये क्लचची तार एक छोटा लिव्हर ओढते. तो या दांडीला ढकलतो आणि दांडी पोकळ मुख्य दांड्यातून आरपार येऊन डावीकडच्या प्लेटा मोकळ्या करते. हा गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा, बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या रचनेचा. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स अशी तीन दालने वेगळी ठेवण्याची ही पद्धत जगात इतरत्र मागे पडली. बुलेटमध्ये ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालत राहिली. त्यामुळे भारतातील एखादा तरुण मिस्त्री आजोबांच्या काळातील यंत्रविद्या नव्या गाडीवर शिकू शकत होता.

१४/२०
आता प्लेटांचे वाचन. पोलादी चकतीवर निळसर डाग असतील तर ती कधीतरी अतोनात तापली आहे. ती सपाट काचेवर ठेवावी. डगमगली तर वाकली आहे. अस्तराची प्लेट करपून चकचकीत झाली असेल तर पकड गेली. ड्रमच्या खाचांवरून बोट फिरवावे : प्लेटांच्या दात्यांनी वर्षानुवर्षे मारलेले बारीक खड्डे तेथे सापडतात. दाते त्यांत अडकले की क्लच सुटत नाही. मिस्त्री कानशीने ते सावकाश सपाट करतो. चढ, ओझी, चिखल, अर्धवट दाबलेला लिव्हर, सगळ्यांची नोंद या धातूवर झालेली असते.

१५/२०
येथे एक काळी बाजूही नोंदवायला हवी. विसाव्या शतकात ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत अ‍ॅसबेस्टॉस सर्रास वापरले गेले, कारण ते जळत नाही. त्याचे अदृश्य तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन तेथेच रुततात. इंग्लंडमधील रॉचडेलच्या अ‍ॅसबेस्टॉस कारखान्यातील कामगार नेली कर्शॉ १९२४ मध्ये मरण पावली आणि तिच्या आजाराची वैद्यकीय नियतकालिकात नोंद झाली. ब्रिटनमध्ये संपूर्ण बंदी यायला तरीही १९९९ साल उजाडले. म्हणून जुन्या गाडीच्या अस्तराची वा ब्रेकची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपावी. यंत्राचा वारसा जपताना माणसाची छाती खर्ची पडू नये.

१६/२०
नव्या प्लेटा लगेच बसवत नाहीत. आधी त्या तेलात भिजवतात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत करपू शकतात. मग काढल्याच्या उलट क्रमाने रचना, सर्व स्प्रिंगांवर सारखा दाब, आणि लिव्हर दाबून किक फिरवत दाबपट्टी वाकडी फिरत नाही ना याची तपासणी. शेवटी तारेला किंचित ढील. ढील नसेल तर दांडी प्लेटांना सतत रेटत राहते आणि नवा क्लचही घसरू लागतो. जास्त ढील ठेवली तर तो पुरता सुटत नाही. हे मोजमाप पुस्तकात मिलिमीटरमध्ये असते; मिस्त्रीच्या बोटांत ते सरावाने उतरलेले असते.

१७/२०
बुलेटच्या समकालीन जावाने याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले होते. चेकोस्लोव्हाकियाच्या यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मन ‘वाँडरर’ची रचना घेतली आणि दोन नावांची आद्याक्षरे जुळवून ‘जावा’ घडले. या गाडीत गिअरचा पेडल हलताच क्लच आपोआप सुटे. लिव्हर न दाबताही गिअर बदलता येई. आयडियल जावाने १९६१ पासून ती म्हैसूरमध्ये बनवली, पुढे ती ‘येझदी’ झाली. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. गाड्या मात्र थांबल्या नाहीत. बुलेटचा मूळचा रेडिच कारखानाही १९६७ मध्ये बंद झाला होता, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. कारखाना मेला तरी यंत्र जगते, पण केवळ तोपर्यंत, जोपर्यंत कोणीतरी त्याची झिजणारी चकती बनवत आणि बदलत राहते.

१८/२०
मग प्रश्न उभा राहतो : प्लेटा, स्प्रिंगा, चेन, तार सगळे बदललेली गाडी ‘मूळ’ म्हणायची का? हा प्रश्न आता कायद्याचाही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात असलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली वाहने तिच्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वा व्यापारी वापराला परवानगी नाही. म्हणजे चासी कापून, इंजिन बदलून गाडी ‘नवी’ करणाऱ्याने तिचा वारसा गमावला. झिजलेली प्लेट बदलणाऱ्याने तो गमावलेला नाही.

१९/२०
हा भेद शेतकऱ्याला कायद्याच्या आधीपासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव झिजली की लोहार ती तापवून नवी चढवतो, आरा मोडला की सुतार दुसरा बसवतो. तरीही गाडी आजोबांचीच राहते. धाव असतेच झिजण्यासाठी. ती झिजते म्हणून चाकाचे लाकूड वाचते. क्लच प्लेटेचे काम तेच. झटका आणि उष्णता ती स्वतःवर घेते, म्हणून गिअर आणि दांडे वाचतात. जी गाडी पन्नास वर्षे चालली आणि तरी तिच्या प्लेटा मूळच्याच आहेत, ती बहुधा चाललेलीच नाही. चालत्या यंत्राचे मूळपण भागांत कमी आणि रचनेत, वापरात व दुरुस्तीच्या अखंड परंपरेत अधिक असते.

२०/२०
इतिहासाचे खरे नुकसान वेगळ्याच ठिकाणी होते. जुन्या प्लेटा भंगारात जातात, कोणत्या साली काय बदलले याची नोंद राहत नाही, आणि ज्याने बदलले त्याचे नाव कुठेच लिहिलेले नसते. रेडिच आणि तिरुवोट्टियूरचे इतिहास पुस्तकांत आले. वणी, पांढरकवडा, मुकुटबन अशा ठिकाणी ही यंत्रे ज्यांच्यामुळे चालू राहिली त्या मिस्त्रींचा इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही. घरात जुनी गाडी असेल तर तिची एक वही हवी : तारीख, किलोमीटर, बदललेला भाग, मिस्त्रीचे नाव. आणि काढलेल्या प्लेटांपैकी एक चकती, तेल पुसून, त्या वहीशेजारी जपून ठेवलेली. त्या घराच्या पन्नास वर्षांच्या प्रवासाचा तो अस्सल दस्तऐवज ठरेल.